डेटा खुला करायला पैसे कशाला लागतात?

नारायणगावहून खोडदकडे निघालं की शेतांमागून एक प्रचंड जाळीदार थाळी डोकं वर काढते. थोडं पुढे गेलं की दुसरी, मग तिसरी. ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना मिळून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बनते. एप्रिल २०१० ते मार्च २०१२ या काळात तिने १५० मेगाहर्ट्झवर आकाश पिंजून काढलं. दोन हजार तासांहून जास्त निरीक्षणं झाली, ती संग्रहात जमा झाली आणि इतर संशोधकांना खुली झाली.

ह्यूब इंटेमा हे डच खगोलशास्त्रज्ञ आणि त्यांचे तीन सहकारी, अशा चौघांनी पुढे तोच साठा पुन्हा उघडला. इतक्या कमी कंपनसंख्येच्या रेडिओ लहरी पृथ्वीभोवतीच्या आयनमंडलातून येताना हेलकावतात आणि चित्र धूसर होतं. हा दोष दुरुस्त करणारी संगणकप्रणाली इंटेमांनी आधीच लिहिलेली होती. तिच्यातून त्यांनी सगळी निरीक्षणं गाळून काढली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधात आकाशाच्या ९० टक्के भागाचं सर्वेक्षण होतं आणि सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची यादी होती. या कामासाठी खोडदची एकही अँटेना पुन्हा फिरवावी लागली नाही.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. रात्री जागून निरीक्षणं घेणाऱ्यांच्या कष्टांतून दुसऱ्यांदा पीक आलं. पण ते आलं कशामुळे? अँटेना कोणत्या दिशेला होत्या, वेळ काय होती, कंपनसंख्येचा पट्टा कोणता होता, मोजमाप तपासायला कोणता ओळखीचा रेडिओ स्रोत वापरला होता, हे सगळं प्रत्येक फाइलमध्ये नीट लिहिलेलं होतं. जीएमआरटी आपला कच्चा डेटा एलटीए नावाच्या स्वतःच्या पद्धतीने साठवते, पण तो ‘फिट्स’ या स्वरूपात बदलून घेता येतो आणि फिट्स जगातल्या कुठल्याही खगोलशास्त्रज्ञाला वाचता येतं. या स्वरूपाचा मूळ शोधनिबंध १९८१ चा, आणि १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याचा एक नियम असा की नवीन सुधारणा कितीही झाल्या तरी जुनी फाइल वाचता आलीच पाहिजे. चाळीस वर्षांहून जास्त काळ काही माणसं समित्यांमध्ये बसून हा नियम सांभाळत आली आहेत. त्या बैठकांतून नवा तारा सापडत नाही, शोधनिबंधही क्वचितच निघतो.

मग अशा माणसांचा पगार कोण देतं? विज्ञानाचा डेटा खुला असावा असं आता जवळजवळ सगळेच म्हणतात. तो वापरण्याजोगा ठेवणाऱ्यांना पैसे द्यायची वेळ आली की मात्र खोलीत शांतता पसरते.

आधी ‘वापरण्याजोगा’ म्हणजे काय ते पाहू. मी एका प्रयोगशाळेत काम करत होतो तेव्हा शिक्षण संपवून गेलेल्या एका विद्यार्थ्याची हार्ड डिस्क माझ्या हाती आली. तीन वर्षांचं काम होतं, काहीही पुसलेलं नव्हतं. एका तक्त्यात एका स्तंभाचं शीर्षक होतं ‘टेम्प’. आता हे टेंपरेचर की टेंपररी? आकडे वीस ते चाळीसच्या मध्ये, म्हणजे तापमान असू शकेल. पण मग शेजारचा ‘टेम्प २’ काय? दोन आठवडे डोकं लावून शेवटी मी तो प्रयोग पुन्हा केला. त्या मुलाचा दोष नव्हता. नोंदी कशा ठेवायच्या हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि शिकवणं हे कुणाचं काम आहे हेही ठरलेलं नव्हतं.

हे सगळीकडे घडतं. जीवशास्त्रातल्या ५१६ शोधनिबंधांचा मूळ डेटा आज मिळतो का, हे कॅनडातल्या संशोधकांच्या पुढाकाराने तपासलं गेलं आणि त्याचा निष्कर्ष २०१४ च्या सुरुवातीला छापून आला. निबंध २ ते २२ वर्षं जुने होते. निबंधाचं वय एकेक वर्षाने वाढेल तशी डेटा हाती लागण्याची शक्यता साधारण १७ टक्क्यांनी घसरत होती. लेखकाचा ईमेल बंद पडलेला, किंवा डेटा अशा डिस्कवर की जी वाचायचं यंत्रच आता नाही. जनतेच्या पैशातून झालेलं मोजमाप असं कुणाच्या तरी कपाटात विरून जातं.

यावर तोडगा म्हणून २०१६ मध्ये एक मोठा लेखकगट पुढे आला आणि त्यांनी ‘फेअर’ नावाची तत्त्वं मांडली. फाइंडेबल, अ‍ॅक्सेसिबल, इंटरऑपरेबल, रीयूजेबल या चार शब्दांची ती आद्याक्षरं. पहिल्याचा अर्थ, डेटाला कायमचा पत्ता हवा म्हणजे तो शोधता येईल. दुसऱ्याचा, तो मिळवायची रीत ठरलेली हवी. आजाऱ्यांची माहिती असेल तर ती सर्वांना उघडी नसेल, पण परवानगी कुणाकडे मागायची हे तरी लिहिलेलं हवं. तिसरा सर्वांत अवघड: माझा डेटा तुमच्या डेटाशी जुळला पाहिजे. आणि चौथा म्हणजे तो कसा गोळा झाला, वापरायला कोणत्या अटी आहेत, हे इतकं स्पष्ट हवं की दहा वर्षांनी अनोळखी माणूसही तो वापरू शकेल. डेटाविषयीच्या या सगळ्या माहितीला मेटाडेटा म्हणतात. लोणच्याच्या बरणीवर चिठ्ठी लावतो ना, कैरीचं की लिंबाचं, कोणत्या साली घातलं, तेच हे.

तिसरा मुद्दा अवघड का, तर तो एकट्याने सुटत नाही. बरणीवरची चिठ्ठी मी लावीन, पण ‘उंची’ या शब्दाचा अर्थ तुमचा आणि माझा एकच आहे का? गव्हाचंच घ्या. रोपाची उंची जमिनीपासून कुसळाच्या टोकापर्यंत मोजायची, की कुसळं सोडून ओंबीच्या टोकापर्यंत? दोन देशांनी दोन पद्धतींनी मोजली आणि दोन्ही आकडे एकाच तक्त्यात आले, तर एका देशाचा गहू उगीचच उंच दिसेल. असे शेकडो शब्द एकेक करून ठरवावे लागतात. कुणी वरून आदेश काढून भागत नाही, कारण आदेश काढणाऱ्याने कुसळ पाहिलेलंच नसतं. ज्यांचे हात त्या कामात आहेत त्यांनीच एकत्र बसावं लागतं.

असं एकत्र बसवण्यासाठी मार्च २०१३ मध्ये रिसर्च डेटा अलायन्स सुरू झाली. युरोपीय आयोग, अमेरिकेच्या दोन सरकारी संस्था आणि ऑस्ट्रेलियाचं सरकार यांनी सुरुवातीचा पैसा दिला. तिची कामाची रीत मला पटते. एखाद्या क्षेत्रातली माणसं गट बांधतात, साधारण १८ महिन्यांत एक नेमकी गोष्ट ठरवून द्यायची आणि गट विसर्जित करायचा. गव्हाच्या डेटाचा असा गट होता. कोणत्या प्रकारच्या माहितीला कोणती स्वरूपं आणि कोणते शब्दसंग्रह वापरावेत याच्या शिफारशी त्याने दिल्या. गटातल्या लोकांना या कामाचा वेगळा पगार नसतो. त्यांची नोकरी कुठेतरी दुसरीकडे असते आणि हे काम संध्याकाळी, शनिवार-रविवारी होतं. अलायन्सला मिळणारा निधी जातो कचेरी चालवायला, बैठका भरवायला, तरुण संशोधकांच्या प्रवासखर्चाला. मोठमोठ्या यंत्रांच्या शेजारी ही रक्कम चिल्लरच म्हणावी लागेल, पण ती थांबली की माणसं भेटायची थांबतात.

अशा ठरवाठरवीने किती फरक पडतो त्याचं एक उदाहरण. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘सेप्ट २’, ‘मार्च १’ अशी होती. एक्सेलमध्ये ती टाइप केली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकतं: २ सप्टेंबर, १ मार्च. जनुक गायब, तारीख हजर. २०१६ मध्ये काही संशोधकांनी तपासलं तेव्हा जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात अशा चुका सापडल्या. शेवटी माणसाच्या जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये नावंच बदलली. ‘सेप्ट २’ चं ‘सेप्टिन २’ झालं, ‘मार्च १’ चं ‘मार्चएफ १’. ही समिती म्हणजे अगदी मोजकी माणसं. त्या वेळी त्यांचा खर्च अमेरिकेची एनआयएच, म्हणजे आरोग्य-संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था, आणि ब्रिटनमधला वेलकम ट्रस्ट उचलत होते. कर्करोगावरचं कोणतंही संशोधन घ्या, ते या मूठभर लोकांनी ठरवलेल्या नावांवर उभं असतं, आणि तरी त्यांचं नाव कुणाला माहीत नसतं.

आता पैशाचा हिशेब ज्यात सर्वांत स्वच्छ दिसतो ते प्रकरण सविस्तर सांगतो. प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांची पेढी. १९७१ साली अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेत ती सुरू झाली तेव्हा तिच्यात फक्त ७ रचना होत्या. क्ष-किरणांनी प्रथिनांचे स्फटिक तपासून एकेका अणूची जागा शोधायची, असं ते काम. एका रचनेला वर्षं लागत. इतक्या घामाने मिळवलेले आकडे फुकट का द्यायचे, असं अनेकांना वाटे आणि ते मी समजू शकतो. १९८० च्या दशकात मात्र त्याच क्षेत्रातल्या शास्त्रज्ञांनी सह्या गोळा करून आग्रह धरला की रचना छापायची असेल तर आकडे पेढीत जमा झालेच पाहिजेत. १९८९ मध्ये स्फटिकशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने तसं धोरण जाहीर केलं. हळूहळू नियतकालिकं आणि अनुदान देणाऱ्या संस्थाही तीच अट घालू लागल्या. म्हणजे नियम समाजातून आला, पैसेवाल्यांनी त्याला नंतर बळ दिलं. बहुतेक यशस्वी उदाहरणांत हाच क्रम दिसतो.

पेढीत जमा होणारी प्रत्येक रचना माणसं तपासतात. अणू एकमेकांवर चढलेले नाहीत ना, साखळीतले कोन शक्य आहेत ना. कोनांच्या या तपासणीत आजही जो आलेख वापरतात तो जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ साली मांडला. न्यूयॉर्कच्या किंवा तोक्योच्या प्रयोगशाळेतून आलेली रचनाही ‘रामचंद्रन आलेखा’तून जाते.

२०२३ च्या सुरुवातीला पेढीतल्या रचना २ लाखांपलीकडे गेल्या. पेढीच्या अमेरिकी केंद्राच्या अंदाजाने एक रचना प्रयोगातून मिळवायला सरासरी १ लाख डॉलर लागतात. म्हणजे सगळा साठा नव्याने उभा करायचा तर सुमारे २ हजार कोटी डॉलर. तो साठा तपासून, जपून, जगाला फुकट देण्याचा अमेरिकी केंद्राचा वार्षिक खर्च याच्या एका टक्क्याहूनही पुष्कळ कमी आहे. याच साठ्यावर अल्फाफोल्ड ही प्रणाली शिकली. नुसत्या अमिनो आम्लांच्या क्रमावरून प्रथिनाचा आकार सांगणाऱ्या या कामासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना प्रथिनांच्या आराखड्यासाठी. संगणक हुशार होता हे खरंच, पण सगळ्या जुन्या रचना एकाच पद्धतीने, एकाच भाषेत लिहिलेल्या मिळाल्या नसत्या तर तो शिकला कशावरून असता? ५० वर्षं नोंदी तपासत बसलेल्या क्युरेटरांचा त्या नोबेलमध्ये वाटा आहे, असं मी मनापासून मानतो.

इतकं सगळं असूनही निधी मिळवणं कठीण का जातं? आपल्याकडच्या सार्वजनिक विहिरीसारखं आहे हे. विहीर खणायची तर वर्गणी जमते, नारळ फुटतो, दगडावर नाव कोरलं जातं. दरवर्षी गाळ काढायला मात्र कुणी पुढे येत नाही, आणि पाणी तर सगळेच भरतात. संशोधनाचं अनुदान बहुधा तीन किंवा पाच वर्षांचं, ‘नवीन काय शोधणार’ या प्रश्नाच्या उत्तरावर मिळणारं. डेटाची पेढी दर पाच वर्षांनी नवीन काय दाखवणार? तिचं काम कालच्यासारखंच आजही नीट चालू ठेवणं हे. शिवाय वापरणारे शंभर देशांत आणि पैसे देणारा एखादाच देश. आपल्या करदात्याने साऱ्या जगाचा खर्च का उचलावा, हा प्रश्न कधी ना कधी येतोच.

तो आला की काय होतं हे ‘टेअर’च्या बाबतीत दिसलं. अ‍ॅराबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं एक चिमुकलं रानरोप. वनस्पतींच्या जनुकांचं निम्मंअधिक शिक्षण शास्त्रज्ञांनी या रोपावर घेतलं असं म्हणता येईल. त्याच्या जनुकांची सगळी माहिती टेअरमध्ये असते. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९९ पासून तिला पोसलं आणि २०१३ च्या सुमारास हात आखडता घेतला. चालवणाऱ्यांनी ना-नफा संस्था काढून विद्यापीठांकडून वर्गणी घ्यायला सुरुवात केली. नव्याने जोडलेली माहिती वर्गणीदारांना आधी आणि सर्वांना वर्षभराने. टेअर जगली, याचा आनंदच आहे. पण ज्या विद्यापीठाला वर्गणी झेपत नाही तिथली मुलगी एक वर्ष मागे राहते, ही किंमतही मोजली जाते आहे.

फ्लायबेसचं उदाहरण याहून ताजं. पिकलेल्या केळ्यांभोवती घिरट्या घालणाऱ्या त्या बारीक माशीवर शंभरहून जास्त वर्षं संशोधन चालू आहे, आणि त्यातून जमलेल्या माहितीचा संग्रह १९९२ पासून फ्लायबेसमध्ये आहे. २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने हार्वर्ड विद्यापीठाशी झालेल्या वादातून त्याची अनुदानं रद्द केली. त्या वादाशी माशीचा काडीचा संबंध नव्हता, पण फ्लायबेसचा निधी हार्वर्डमार्फत येत होता. माणसं कमी करावी लागली आणि जगभरच्या प्रयोगशाळांकडे मदत मागायची पाळी आली. एकाच खांबावर छप्पर तोललं की असं होतं.

म्हणून काही निधीसंस्था आता एकत्र येऊन विचार करू लागल्या आहेत. २०२० मध्ये ग्लोबल बायोडेटा कोअलिशन हा निधी देणाऱ्यांचाच गट तयार झाला आणि जगाला ज्यांच्यावाचून चालणार नाही अशा जीवशास्त्रीय संग्रहांची यादी त्याने केली. खर्च वाटून घेण्याची ही पहिली पायरी. डच शास्त्रज्ञ बारेंड मॉन्स यांचं म्हणणं वेगळं आहे: संशोधनाच्या एकूण खर्चातला ५ टक्के वाटा डेटा सांभाळण्यासाठी राखून ठेवा. आकडा मोठा वाटतो. पण फेअर डेटा नसल्यामुळे युरोपला दरवर्षी निदान १ हजार २० कोटी युरोंचा फटका बसतो, असा अंदाज युरोपीय आयोगासाठी २०१८ मध्ये केलेल्या अहवालात आहे. पुन्हा केलेले प्रयोग, शोधण्यात गेलेले तास, दोनदा साठवलेल्या फाइली, असा तो फटका. असे अंदाज ताणलेले असू शकतात हे धरूनही, तोल कुठे झुकतो ते कळायला अवघड नाही. अमेरिकेच्या एनआयएचने जानेवारी २०२३ पासून, ज्यातून वैज्ञानिक डेटा तयार होईल अशा संशोधनाच्या अर्जात डेटा-योजना सक्तीची केली आणि त्याचा खर्च अनुदानातच मागायला परवानगी दिली. मला यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. खर्चाची तरतूद न करता केलेली सक्ती शेवटी पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या रात्रींवर येऊन पडते.

आपल्या देशात धोरणं आहेत. सरकारी डेटा वाटण्याचं राष्ट्रीय धोरण २०१२ चं, जैवतंत्रज्ञान विभागाची डेटाविषयीची मार्गदर्शक तत्त्वं २०२१ ची, आणि फरिदाबादचं भारतीय जैविक डेटा केंद्र २०२२ मध्ये सुरू झालं. डेटा ठेवायला जागा झाली, हे चांगलंच. ती जागा वापरणाऱ्यांचे गट बांधायला, त्यांनी आपसात शब्द ठरवायला, तक्ते तपासायला लागणारा पैसा हा वेगळा प्रश्न आहे. आणि हे आपल्याला नवीन नाही. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राने पर्सिस्टंट सिस्टिम्स या सॉफ्टवेअर कंपनीबरोबर ‘व्हर्च्युअल ऑब्झर्व्हेटरी इंडिया’, म्हणजे आकाशाचा साठवलेला डेटा संगणकावरून वापरायची सोय, उभारली, तिला केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान खात्याने निधी दिला. खगोलशास्त्रज्ञ आणि सॉफ्टवेअरवाले एका टेबलाशी बसले आणि त्यांनी तयार केलेलं ‘व्हीओप्लॉट’ हे आलेख काढायचं साधन परदेशातल्या खगोलशास्त्रज्ञांनीही वापरलं.

तुम्ही स्वतः संशोधनात असाल, किंवा घरात कुणी असेल, तर पुढचा अनुदानाचा अर्ज भरताना खर्चाचा तक्ता पाहा. उपकरणं, रसायनं, मनुष्यबळ, प्रवास, आकस्मिक खर्च, संस्थेचा वरखर्च. डेटाचं नाव त्यात बहुधा नसतंच, म्हणून हार्ड डिस्क आकस्मिक खर्चात घेतली जाते आणि ती वाचता येईल अशी ठेवणारा माणूस कुठेच घेतला जात नाही. मनुष्यबळाखाली एक ओळ वाढवा: डेटा क्युरेटर, अर्धवेळ, पूर्ण मुदतीसाठी. प्रवासाखाली आणखी एक: आपल्या विषयातल्या इतर प्रयोगशाळांबरोबर वर्षातून एकदा बैठक, स्तंभांची नावं ठरवायला. छाननी समिती कदाचित कात्री लावेल. पण दहा अर्जांत ही ओळ दिसली तर अकराव्या वेळी समितीतलं कुणीतरी विचारेल की या तक्त्यात तिच्यासाठी रकाना का नाही.